ओळख देणारे कुणी आहे का?

बँकेत लागून मला दोन-तीन वर्षे झाली असतील. १९८५ चा सुमार. नाशिक जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी आमची शाखा होती. शाखा म्हणजे एका जुन्या वाड्याचा पुढचा सोपा, चार टेबले, एक तिजोरी आणि खिडकीबाहेर आठवड्याचा बाजार. खाते उघडण्याच्या अर्जावर तेव्हा खालच्या अंगाला एक रकाना असे : 'ओळख देणाऱ्याची सही'. ज्याचे शाखेत आधीपासून खाते आहे अशा कुणीतरी 'मी यांना अमुक वर्षांपासून ओळखतो' असे लिहून सही करायची, की काम झाले.

एका बाजाराला एक बाई आली. शेळी विकून आलेले दोनशे चाळीस रुपये तिने पदराच्या गाठीत बांधले होते. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. 'पैसे घरात ठेवता येत न्हाईत बाई, तुमच्याकडं ठेवा,' एवढेच तिचे म्हणणे. मी म्हटले, 'ओळख आणा.' ती पुढच्या बाजाराला पुन्हा आली. गावात खाते असलेली माणसे जवळजवळ सगळी पुरुष, आणि ती एकतर तिच्या भावाच्या बैठकीतली किंवा नवऱ्याच्या भावकीतली. तिला ओळख कोण देणार? मी पुन्हा म्हटले, 'नियम आहे. ओळख आणा.' तिसऱ्या बाजाराला ती आली नाही. पुढे आमच्या शिपायाकडून कळले, की ते पैसे भावाने काढून घेतले.

मी नियमाप्रमाणे वागले होते. पण एक गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही आणि नंतर कधी विसरता आली नाही. माझे स्वतःचे खाते त्याच शाखेत होते. 'मी यांना तीन आठवड्यांपासून ओळखते' असे लिहून मी सही करू शकले असते. कुणी हरकत घेतली नसती.

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी गोदाघाटावर फिरायला जाऊ लागले. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला बसायला घाटाच्या पायऱ्यांसारखी जागा नाही. रामकुंडावर दशक्रियेला आलेली कुटुंबे, मुंडन केलेली मुले, भाजीवाल्या, फुलवाल्या, आणि या सगळ्यांच्या कडेला, गाडगे महाराज पुलाच्या आसपास, पथारी गुंडाळून दिवस सुरू करणाऱ्या बाया. ज्या महापुरुषाची सारी ओळख हातातल्या गाडग्यात मावली, त्याच्या नावाच्या पुलाखाली आज कुणाला कागदावाचून ओळख नाही, हे माझ्या ध्यानात यायला थोडे दिवस लागले.

आपल्याला वाटते, बेघर बाईला आधी छप्पर हवे, अन्न हवे. ते हवेच. पण घाटावर अन्नछत्रे आहेत, दानशूर माणसे आहेत. पोटाला काहीतरी मिळून जाते. अडते ते त्यापुढे. रेशन घ्यायचे तर कार्ड. महापालिकेच्या निवाऱ्यात राहायचे तर नोंदीसाठी ओळखपत्र विचारतात. दवाखान्यात शस्त्रक्रियेची योजना हवी तर कागद. 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' १९८० पासून महाराष्ट्रात आहे. निराधार विधवा, परित्यक्ता यांच्यासाठीच ती आहे, आज दरमहा दीड हजार रुपये मिळतात. पण निराधार असल्याचे सिद्ध करायला जे कागद लागतात, ते नेमके आधार असलेल्या माणसाकडेच असतात. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा घाटावरच्या बायांत मोठी खळबळ होती. परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया त्या योजनेत बसतात. पण आधारशी जोडलेले बँक खाते हवे. बाया एकमेकींना विचारत होत्या, 'खातं कसं काढत्यात गं?' मी पायरीवर बसून ऐकत होते. छत्तीस वर्षे खाती उघडण्यात गेली होती माझी.

तेव्हापासून आम्ही तिघे जण हे काम करतो. एक निवृत्त शिक्षक, एक कायद्याचे शिक्षण घेणारी मुलगी आणि मी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. रविवारी सकाळी एका चहाच्या टपरीच्या बाकावर बसतो, एवढेच.

पहिली बाई आली ती चाळिशीची. सगळे तिला वहिनी म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. लग्नकार्यात आचाऱ्यांच्या हाताखाली भांडी घासायचे काम. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिचे बोचके वाहून गेले. नाशिककरांना गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजायची सवय आहे; पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावर गावभर चर्चा होते, लोक पूर बघायला येतात. त्या पाण्याबरोबर पायऱ्यांवरच्या बायांच्या पिशव्या जातात, हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. वहिनींच्या पिशवीत आधारकार्ड होते. नंबर पाठ नाही, झेरॉक्स नाही, मोबाइल नाही. त्यांनी पुन्हा नव्याने आधार काढायचा अर्ज दिला होता, तो काही आठवड्यांनी नामंजूर झाला. 'मला सरकारनं न्हाई म्हणून सांगितलं,' असे म्हणत त्या रडत होत्या.

मला मात्र ते ऐकून आनंद झाला! अर्ज नामंजूर होण्याचे कारण, त्यांच्या बोटांच्या आणि डोळ्यांच्या खुणा आधीच नोंदलेल्या होत्या. म्हणजे कार्ड वाहून गेले तरी त्या यादीत होत्या. आधारचा नंबर एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. दुसरा मिळत नाही, आणि पहिला मरत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्ड हरवलेली माणसे नवा अर्ज करत राहतात आणि नकार घेत राहतात. खरे तर अशा वेळी आधार सेवा केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे किंवा बुबुळे देऊन आपला जुना नंबर शोधून घ्यायचा असतो.

२०२२ साली नागपूरच्या मानकापूर येथील आधार सेवा केंद्रात असेच झाले होते. सहा वर्षांपूर्वी रेल्वे स्थानकावर सापडलेला, नीट बोलू न शकणारा एक तरुण निवाऱ्यात वाढत होता. त्याची नवी नोंदणी पुन्हापुन्हा परत येऊ लागली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी ठशांवरून जुनी नोंद शोधली. तो बिहारमधल्या खगडिया जिल्ह्यातला निघाला. घरची माणसे येऊन त्याला घेऊन गेली. नकारातून घर सापडले.

आम्ही वहिनींना केंद्रावर नेले. बोटे यंत्रावर ठेवली तर उमटेनात. राख, साबण आणि तारेची घासणी यांनी वीस वर्षांत बोटे गुळगुळीत करून टाकलेली. आपल्या जिल्ह्यात कांद्याच्या खळ्यावर, द्राक्षांच्या बागेत, बांधकामावर राबणाऱ्या हजारो बायांची हीच तऱ्हा असते. जितके कष्ट अधिक, तितका ठसा पुसट. केंद्रावरच्या मुलाने मग डोळ्यांचे यंत्र लावले. दोन मिनिटांत पडद्यावर नाव आले. कागद छापून हातात पडला. वहिनींनी फोटो पाहिला, मग आम्हाला पत्ता वाचायला सांगितला. तो सासरचा पत्ता होता, ज्या घरातून त्यांना काढले त्या घराचा. त्यांनी कागद घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, 'नाव माझं ऱ्हाऊ द्या ताई, पत्ता तेवढा बदला.'

पत्ताही बदलता येतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र दिले तर ते पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. आधारच्या २०१६ च्या कायद्यात तर एक स्वतंत्र कलमच आहे, की स्त्रिया, वृद्ध, अपंग, असंघटित मजूर, भटक्या जमाती आणि ज्यांना कायमचे घर नाही अशांसाठी विशेष प्रयत्न करावेत. देशातले पहिले आधारकार्डही २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच भागात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, रंजना सोनवणे या आदिवासी स्त्रीला देण्यात आले होते. सुरुवात एका गरीब बाईपासून झाली. कलम आहे, नमुना आहे. पण वहिनींचे प्रमाणपत्र मिळायला आम्हाला सात खेपा पडल्या, कारण निवाऱ्यावर असा नमुना असतो हेच कुणाला माहीत नव्हते. ती त्या माणसांची चूक म्हणता येत नाही. मलाही सहा महिन्यांपूर्वी माहीत नव्हते.

वहिनींचे काम सोपे म्हणायचे, असे पुढे मावशी भेटल्या तेव्हा कळले.

मावशी माझ्याच वयाच्या. घाटावर पंचवीस वर्षे. पूर्वी नवऱ्याच्या रेशनकार्डावर त्यांचे नाव होते, एक मतदार ओळखपत्रही होते. ते घर सुटले त्या दिवशीच सुटले. आधार निघू लागले तेव्हा त्या रस्त्यावर होत्या, त्यामुळे तेही नाही. मी त्यांना विचारले, 'मावशी, कागद कशासाठी हवेत? निराधारचे पैसे हवेत का?' त्या म्हणाल्या, 'पैशाचं बघू मागून. माझ्या शेजारी एक बाई निजायची. तिला ताप आला, दवाखान्यात नेली, तिथं मेली. तिचं नाव मला ठावं होतं. पण माझं कोण ऐकतंय? कागदावर बेवारस लिवलं. ताई, मला बेवारस मरायचं न्हाई.'

यावर काय बोलायचे? मी वही उघडली आणि नाव विचारले. इथूनच अडचण सुरू झाली. मावशींना दोन नावे होती. एक माहेरचे. दुसरे लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहिलेले. आपल्याकडे हा सोहळा कौतुकाने होत असे. माझ्या आईचेही नाव असेच बदलले होते. घर टिकले तर दोन्ही नावे गोड असतात. घर मोडले की बाईचे नाव, मधले नाव आणि आडनाव ही तिन्ही दुसऱ्याच्या दारात राहतात. शाळेत एक नाव, रेशनकार्डात दुसरे, आणि ही दोन्ही एकाच बाईची हे सांगणारा एकही कागद नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे, ही चांगली गोष्ट. पण मावशींच्या पिढीला आईचे नाव तर सोडाच, स्वतःचेही एकच नाव मिळाले नाही.

नवऱ्याकडचे काहीही नको, असे मावशींनी ठामपणे सांगितले. मग माहेर. माहेर कुठले? 'पिंपळगाव.' जिल्ह्यात पिंपळगावे का थोडी आहेत! पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब, पिंपळगाव मोर, पिंपळगाव जलाल... मावशींना कोणते ते सांगता येईना. त्या सात-आठ वर्षांच्या असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर आई-बाप गेले, मग कामामागून काम, गावामागून गाव. परत घरी कुणी गेलेच नाही. आई-बाप वारले. एक थोरला भाऊ होता, त्याचा पत्ता नाही. एवढे मात्र आठवत होते, की दुष्काळाच्या आधी आजी वारली आणि बाप तिची राख घेऊन नाशिकला आला, तेव्हा लहानग्या मावशी त्याच्या खांद्यावर बसून आल्या होत्या. 'इथंच आलो होतो, ह्याच घाटावर,' त्या म्हणाल्या. 'त्या बामणानं वहीत लिवून घेतलं होतं.'

हे ऐकून आमचे शिक्षक मित्र उठून उभेच राहिले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. कुठल्या गावचे कोण आले, कुणाची अस्थी घेऊन आले, बरोबर मुलगे कोण, त्याची नोंद. लिहिता येत असेल त्याची सही. गावे आणि घराणी उपाध्यांत वाटून घेतलेली. त्या वह्यांपासून शंभर पावलांवर मावशी पंचवीस वर्षे झोपत होत्या.

एक वयोवृद्ध उपाध्ये मदतीला तयार झाले. आडनाव सांगितले, बापाचे नाव सांगितले. त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी लांबट, पिवळ्या पानांची वही आमच्यापुढे उघडली. शके १८९४. मावशींच्या बापाचे नाव, आजीचे नाव, पिंपळगाव आणि त्यापुढे ओळख पटेल असा दुसरा शब्द, तालुका. खाली : 'मुलगा' आणि थोरल्या भावाचे नाव. मावशी बोट ठेवून विचारत होत्या, 'माझं कुठं हाय?' उपाध्ये क्षणभर थांबले. म्हणाले, 'बाई, मुलींची नावे तेव्हा सहसा लिहीत नसत.' खांद्यावर बसून आलेल्या पोरीची नोंद नव्हती. पण गाव सापडले होते.

एसटीने आम्ही चौघे त्या पिंपळगावी गेलो. जिल्हा परिषदेची शाळा. शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम जपून ठेवायचे दप्तर असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच दिला जातो. मुख्याध्यापक तरुण होते. मधल्या सुट्टीत त्यांनी कपाट उघडले, कापडात बांधलेली रजिस्टरे काढली आणि स्वतः धूळ झटकत पाने उलटू लागले. १९६९ ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींत सापडले. त्यांनी माहेरचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले. मावशी दारात उभ्या होत्या. त्या शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, 'हजर.'

आम्ही कुणी हसलो नाही.

जन्मतारीख होती १ जून १९६३. मी मुख्याध्यापकांना म्हटले, 'माझीही एक जूनच.' ते हसले. शाळा जूनमध्ये भरायची, आई-बापांना तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या पिढीतला कितीतरी महाराष्ट्र असा एकाच दिवशी जन्मलेला आहे. बँकेत मी त्या तारखेची चेष्टा ऐकली होती, केलीही होती. त्या दिवशी मात्र वाटले, त्या अनोळखी गुरुजींनी अंदाजाने का होईना, एका मुलीचे नाव लिहून ठेवले, म्हणून पन्नासहून अधिक वर्षांनी ती आम्हाला सापडली.

दाखला मिळाला. त्यापुढचा दुवा मतदार यादीचा. इथे एक नियम आहे, आणि तो मला आपल्या लोकशाहीतला फार सुंदर नियम वाटतो. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. तो अर्जात झोपण्याची जागा लिहितो. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, रात्री त्या ठिकाणी जाऊन तो माणूस तिथे खरोखर झोपतो का ते पाहायचे, आणि एकाहून अधिक रात्री पाहायचे. झोपत असेल तर तोच पुरावा. आमच्या भागातल्या बीएलओ एक प्राथमिक शिक्षिका होत्या. दिवसभर शाळा, घरी दोन मुले. त्या रात्री साडेदहाला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून घाटावर आल्या. टॉर्चच्या उजेडात मावशींना पाहिले, शेजारच्या बायांना विचारले, 'ह्या रोज इथेच असतात का?' दोन दिवसांनी पुन्हा आल्या. मी त्यांचे आभार मानू लागले तर म्हणाल्या, 'आभार कसले? मी आज पहिल्यांदा इथे रात्री आले. सकाळी रोज ह्याच पुलावरून शाळेत जाते.'

ओळखपत्र आले. त्यावर माहेरचे नाव, आणि पत्ता घाटाचा. त्यावरून आधारचा अर्ज. प्रौढाची नवी नोंदणी असली की आता राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यात आणखी काही महिने. मग बँक खाते. पहिल्या दिवसापासून हिशेब केला तर चौदा महिने. निराधार योजनेचा अर्ज मी हे लिहीत असताना समितीपुढे आहे. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्या बाईने साठ वर्षांत जिल्हा ओलांडला नाही, तिला ते सिद्ध करायला सर्वांत जड जाते.

या चौदा महिन्यांत मला काही गोष्टी कळल्या. त्या आपल्यापैकी कुणाच्या कामी पडतील म्हणून लिहिते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो; तरी गरीब बायांना स्टँपपेपर विकत घ्यायला लावणारे लोक कचेऱ्यांबाहेर भेटतात. कागद हरवले तर आधी पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत जपावी. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचे नाव असते, म्हणजे एकटी बाई स्वतःच स्वतःची कुटुंबप्रमुख होऊ शकते. हे सहज मिळालेले नाही. १९८८ साली संगमनेरात परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती, आणि स्वतःच्या नावाचे वेगळे रेशनकार्ड ही त्या चळवळीची एक मागणी होती. तेव्हा मी शेजारच्याच जिल्ह्यात, बँकेच्या काउंटरमागे बसले होते.

आणि बँकेबद्दल. ओळख देणाऱ्याची सही आता गेली. २००२ पासून रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' ही पद्धत आणली. नाव चांगले आहे. पण व्यवहारात ओळखायचे काम माणसाकडून निघून कागदाकडे गेले. तरीही त्या नियमांत एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. ज्याच्याकडे कोणताही अधिकृत कागद नाही, त्यालाही 'छोटे खाते' उघडता येते. बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही करायची किंवा अंगठा उठवायचा, आणि अधिकाऱ्याने तो आपल्यासमोर केल्याचे प्रमाणित करायचे. शिल्लक पन्नास हजारांपर्यंत, महिन्याला काढायचे दहा हजारांपर्यंत, मुदत बारा महिने. दरम्यान कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी बारा महिने. शेळीचे दोनशे चाळीस रुपये ठेवायला एवढे खाते पुरले असते. मी कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना या खात्याबद्दल विचारले. पुष्कळांनी ते एकदाही उघडलेले नाही. मीही माझ्या काळात किती उघडली, ते विचारू नका.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात सतरा लाख त्र्याहत्तर हजार माणसे मोजली गेली. त्या रात्री मोजणारा घाटावर आला असेल तर मावशी त्या आकड्यात असतील. पण तो आकडा हातात घेऊन कुठल्या खिडकीवर जाता येत नाही. माणूस मोजणे वेगळे आणि ओळखणे वेगळे.

ओळख हा शब्द मला आता बारकाईने पाहावासा वाटतो. ओळखपत्रातली ओळख आणि 'आमची त्यांची ओळख आहे' यातली ओळख, मराठीत हा एकच शब्द आहे. मी आयुष्यभर त्या दोन गोष्टी वेगळ्या समजत आले. एक कागदाची, एक माणसांची. घाटावर कळले, की पहिली दुसरीवर उभी असते. मावशींचा प्रत्येक कागद खरवडून पाहा, खाली एक माणूस सापडतो. वही जपणारे उपाध्ये, एक जून लिहिणारे गुरुजी, धूळ झटकणारे मुख्याध्यापक, रात्री स्कूटरवरून आलेली शिक्षिका. यातल्या कुणीही नियम मोडला नाही. प्रत्येकाने नियमातली ती जागा भरली, जिथे लिहिलेले असते, की कुणीतरी जाऊन पाहावे, कुणीतरी सही करावी.

कामावर येणाऱ्या बाईचे कार्ड हरवले आहे असे तिने कधी ओझरते सांगितले असेल, तर या रविवारी तिला विचारा, नंबर कुठे लिहून ठेवला आहे का? तिच्याबरोबर एकदा केंद्रावर जा. बरोबर कुणी पांढरपेशा असला की काउंटरवरचा आवाज बदलतो. हे बरे नाही, पण खरे आहे, आणि त्याचा उपयोग करायला हरकत नाही. तिच्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून एक आपल्या कपाटात ठेवा. घर असलेल्या माणसाकडे कपाट असते, ही किती मोठी गोष्ट आहे!

मावशींच्या ओळखपत्राच्या तीन प्रती आहेत. एक त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून चोळीच्या आतल्या खिशात शिवली आहे. एक माझ्या कपाटात. एक चहाच्या टपरीवाल्याकडे. त्याला त्यांनी बजावून ठेवले आहे, 'मला काय झालं तर हे दाखव. बेवारस लिवू देऊ नको.'

गेल्या महिन्यात घाटावर एक नवी बाई आली. तिशीची, अंगावर ओरखडे, बरोबर लहान मुलगी. कागद काहीच नाहीत. महिनाभराने तिच्या मतदार नोंदणीसाठी त्याच शिक्षिका रात्री आल्या. टॉर्च लावून त्यांनी विचारले, 'ह्यांना इथे कुणी ओळखतं का?'

बाकीच्या बाया गप्प होत्या. नव्या बाईच्या भानगडीत कोण पडणार? मावशी आपल्या पथारीवरून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'मी वळखते. महिना झाला. लिवा.'